चौकोनी सेलवरचा आवाज

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, लोकांना गाडी चालवायला शिकवतात, आणि शिकवताना त्यांचा एक हात कायम स्वतःच्या गळ्याशी असतो. नव्या माणसाला वाटतं, आपल्या गाडी चालवण्याच्या धसक्याने मास्तर गळा धरून बसलेत. तसं काही नाही. त्यांच्या हातात छोट्या विजेरीएवढी एक कांडी असते. घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. आता ती कांडी गळ्याला टेकवून बटण दाबलं की तिचं टोक थरथरतं, ती थरथर तोंडात पोचते, आणि ओठ नि जीभ हलवून भाऊजी तिचे शब्द करतात. आवाज एकाच पट्टीतला येतो, डब्यात भुंगा कोंडावा तसा. पण शब्द लख्ख कळतात.

ऑपरेशनच्या आधी घरात सगळ्यात जास्त भाऊजी बोलायचे. ऑपरेशननंतरही तेच बोलतात. माझी जाऊ म्हणते, डॉक्टरांनी घसा काढला, तोंड तसंच ठेवलं.

आम्ही दोन्ही कुटुंबं एकाच घरात राहतो. आम्ही दोघं खाली, भाऊजी, जाऊ आणि त्यांची मुलगी वर, आणि जेवण सगळ्यांचं खाली. मुलगी नोकरी करते, चांगली हुशार आहे, पण घरात तिला अजून छकुलीच म्हणतात आणि तीही ओ देते. गेल्या वर्षी तिने ठरवलं की घरातला कचरा कमी करायचा. पिशव्या झाल्या, बाटल्या झाल्या, मग तिची नजर सेलवर गेली. एका रविवारी ती चार्ज होणारे सेल आणि ते चार्ज करायचा डबा घेऊन आली आणि घरभर फिरून तिने सगळे जुने सेल काढले. टीव्हीचा रिमोट, भिंतीवरचं घड्याळ, दारावरची घंटा, वजनकाटा, विजेरी, ह्यांचा दाढीचा ट्रिमर. देवघरात दिव्यांची एक बारकी माळ आहे, तिच्यातलेही बदलले. मी म्हटलं, देवाला तरी सोड. तर म्हणाली, काकू, देवाला कचरा आवडत असेल का? मी माळ काढून तिच्या हातात दिली.

शेवटी तिने वडिलांची कांडी घेतली. कांडीला एकच सेल लागतो, नऊ व्होल्टचा, चौकोनी, काडेपेटीहून जरा लहान, डोक्यावर दोन बटणं असलेला. भाऊजी दिवसभर बोलत असल्यामुळे त्यांचे सेल आठवड्याला फेकले जायचे. छकुलीने चार्ज होणारे दोन चौकोनी सेल आणले होते, एक कांडीत, एक डब्यात. भाऊजींनी कौतुकाने कांडी गळ्याला लावली आणि म्हणाले, "बघू, तुझा आवाज कसा आहे."

आवाज आला, पण खोल आला, आणि जरा ओढल्यासारखा. त्या वेळी सगळे वजनकाट्याभोवती होते, कारण त्याच्यावर आकड्याऐवजी सेल संपल्याची खूण दिसत होती आणि आमचे हे म्हणत होते की चला, माझं वजनच नाहीसं झालं. त्यामुळे कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

लक्षात आलं ते जेवताना. भाऊजी म्हणाले, मीठ द्या. आता मीठ मागण्यात काय आहे? पण ते असं काही ऐकू आलं की न्यायाधीशाने निकाल सांगावा. जावेने मीठ पुढे केलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं.

यंत्राच्या आवाजाला राग नसतो, लोभ नसतो, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण इतकी वर्षं त्याच आवाजाबरोबर जेवलो होतो ना. मुलाचं रडणं भुकेचं की झोपेचं हे आईला कळतं, तसा आम्हाला त्या भुंग्यातून भाऊजींचा मूड कळतो असं आम्ही धरून चाललो होतो. आता आवाज खाली गेला होता, आणि सेल तर कोरा करकरीत, तेव्हा भाऊजी रागावले होते. कोणावर, एवढंच ठरायचं होतं. आणि ते प्रत्येकाने आपापल्यापुरतं मनात ठरवून टाकलं.

जावेला वाटलं, बहिणीकडे चार दिवस राहून आले ते बोचलं. ह्यांना वाटलं, कॅरममध्ये आपण बोटाने हळूच सोंगटी ढकलली ते धाकट्याने पाहिलं. छकुलीला वाटलं, रोज उशिरा घरी येते म्हणून. मला वाटलं, टीव्हीचा आवाज कमी करा असं मी पाहुण्यांसमोर बोलले होते, तेच असणार.

मग काय, घराचा नूर पालटला. जाऊ त्यांच्या आवडीच्या भाज्या करायला लागली. छकुली दिवे लागायच्या आत घरात. मी स्वतः टीव्ही लावून रिमोट त्यांच्या हातात द्यायचे. आणि आमच्या ह्यांनी, ज्या खुर्चीवर ते कोणाला टेकू देत नाहीत, ती खिडकीजवळची आरामखुर्ची भाऊजींना देऊन टाकली, वर पाय ठेवायला स्टूलही. भाऊजी बसले, पण बोलणं कमी झालं होतं त्यांचं. आम्हाला वाटलं, अजून गेला नाही राग.

घरात हे, तर गाडीत निराळंच. त्यांच्याकडे एक कॉलेजची मुलगी शिकत होती. क्लच हळू सोडा, एवढंच भाऊजी म्हणाले, तर तिच्या डोळ्यांत पाणी. दुसऱ्या एका शिकणाऱ्याने शाळेत जाऊन सांगितलं की मास्तर रागीट आहेत आणि वर बोललेलं ऐकू येत नाही. गाडी शिकवायची ही शाळा एका बाईंची आहे. त्यांच्या वडिलांनी ती काढली, भाऊजी त्यांच्या हाताखालीच मास्तर झाले. बाई स्वभावाने बऱ्या आहेत, पण तक्रार ती तक्रार.

एक दिवस मी वर कपडे वाळत घालायला गेले तर भाऊजी आरशासमोर उभे. गळ्यावरचा रुमाल काढलेला, आणि दोन बोटांनी गळा चाचपत होते, इकडे दाब, तिकडे दाब. मला पाहून रुमाल बांधायला लागले. मी बादली खाली ठेवली आणि विचारलंच, भाऊजी, काय चुकलं आमचं? रागावलात का?

त्यांनी कांडी लावली. "वहिनी, राग कसला. गळा परत घट्ट होतोय. पहिल्यांदा झालं तेव्हा असंच झालं होतं, आवाज बसत गेला. हिला सांगू नका. पुढच्या तपासणीला मीच डॉक्टरांना विचारीन."

मी हो म्हटलं आणि बादली तशीच ठेवून खाली आले. देवघरात बसले, पण नाव घ्यायला लागले तर मध्येच विसरायला होत होतं. घरातले सगळे आपापल्या चुका शोधत बसलेले, आणि हा माणूस एकटा एवढं घेऊन फिरतोय.

सेलचा उलगडा झाला तो मात्र त्या वजनकाट्यामुळे. त्याने हट्टच धरला होता. छकुली सेल चार्ज करून घाली, तो पुन्हा संपल्याची खूण दाखवी. एका संध्याकाळी ती चिडली, सेल काढून जेवणाच्या टेबलावर मांडले आणि त्यांच्यावरची बारीक अक्षरं वाचायला लागली. साध्या सेलवर दीड व्होल्ट लिहिलेलं, आपल्या नव्या सेलवर एक पूर्णांक दोन. म्हणजे पूर्ण भरलेला असला तरी काट्याला वाटायचं, हा तर संपत आलाय. रिमोटला आणि घड्याळाला तेवढ्यावर भागत होतं, विजेरी आणि ट्रिमर तर, हे सेल भाराने दमत नाहीत म्हणून, पहिल्यापेक्षा जोरात चालत होते. काट्याला भागत नव्हतं.

ती हे मला समजावून सांगत होती आणि सांगता सांगता थांबली. डब्यात चार्ज होत असलेला चौकोनी सेल उपटून तिने दिव्याखाली धरला. चौकोनी सेलच्या पोटात असे सहा बारके सेल रांगेने असतात. सहा वेळा दीड म्हणजे नऊ. सहा वेळा एक पूर्णांक दोन म्हणजे सात पूर्णांक दोन. आणि तसंच लिहिलं होतं वर. दुकानात नऊ व्होल्टच्या खणात ठेवलेला, आकार तोच, बटणं तीच, आणि पोटात सात.

छकुली जिन्यावरून अशी धावली की जाऊ ओरडली, पडशील. मी मागोमाग. जावेच्या कपाटात जुन्यातला एक न वापरलेला सेल सापडला. छकुलीने वडिलांच्या हातातून कांडी ओढून घेतली, सेल बदलला आणि म्हणाली, "बाबा, बोला. काहीही बोला."

भाऊजींनी कांडी लावली. "काहीही काय बोलू?"

भुंगा परत आपल्या पट्टीत. भाऊजींनी कांडी दूर धरून तिच्याकडे पाहिलं, परत लावली, आणि एक ते दहा आकडे म्हटले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्यांना हसताना आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. यावेळी खांदे बराच वेळ हलत होते आणि डोळेही पुसले त्यांनी. जावेला कळेना की सेल बदलल्यावर माणूस रडतो कशाला. मी तिला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. तीही मग कढईकडे तोंड करून शिजलेली भाजीच ढवळायला लागली.

जेवायला बसलो तेव्हा एकेकाच्या मनातलं बाहेर आलं. ह्यांनी सोंगटीचं कबूल केलं. भाऊजी म्हणाले, मला माहीतच नव्हतं, आता कळलं. ह्यांनी जेवण झाल्याबरोबर आरामखुर्ची परत घेतली, स्टुलासकट.

एवढ्यावर संपलं असतं, पण तक्रार शाळेत पोचून चुकली होती. बाईंनी भाऊजींना बोलावून घेतलं. सेलचं त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, मास्तर, मी मानते. पण शिकणाऱ्याचे पैसे मी घेते, त्याचा जीवही माझ्यावर असतो. येत्या महिन्यात एकदा मी मागच्या सीटवर बसेन. भर रहदारीत तुमचं ऐकू आलं तर तुम्ही गाडीत. नाही आलं तर दुसऱ्या दिवसापासून काउंटरवर बसा, पगार तोच.

पगार तोच, हे बाईंनी मायेनेच म्हटलं. पण भाऊजी घरी येऊन पाण्याचा ग्लास हातात धरून बसले. काउंटरवर काय करायचं? अर्ज द्यायचे, अर्ज घ्यायचे. तिथे बोलावंही लागत नाही फारसं. आवाज गेल्यावर हा माणूस पुन्हा गाडीत बसला होता तो बोलायला मिळतं म्हणून. गाडीचं दार लावलं की शेजारचा माणूस एक तास ऐकणार, पळून जाऊ शकत नाही, हे त्यांचं सुख.

परीक्षेला शिकणारं कोण? तक्रार झाल्यावर त्यांच्याकडे कोणी यायला बघेना. तेव्हा भाऊजी मला म्हणाले, वहिनी, तुम्ही शिका. मी म्हटलं, या वयात? ते म्हणाले, गाडीला तुमचं वय कळत नाही. अशी मी शिकायला लागले. पहिल्या दिवशी स्टिअरिंग धरलं आणि सवयीने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. कांडी म्हणाली, वहिनी, देवाला उघड्या डोळ्यांनी हाक मारा, तो रस्त्यावरच आहे. तेव्हापासून मी डोळे उघडे ठेवून नाव घेते, आणि खरं सांगते, चांगलं घेता येतं.

भाऊजींची शिकवण्याची पद्धत साधी. प्रत्येक गोष्टीचं एकच वाक्य, दर वेळी तेच. आरसा बघा, मग खांद्यावरून बघा, मग वळा. क्लच खाली, गिअर एक, पाय सावकाश. आवाज एकाच पट्टीतला असल्यामुळे ती वाक्यं पाढ्यासारखी डोक्यात बसायची. मी पोळ्या लाटताना म्हणायचे, क्लच खाली.

इकडे छकुली स्वस्थ बसली नव्हती. तिचं म्हणणं, सेल वाईट नव्हता, कांडीच्या लायक नव्हता. तिने शोधून नव्या जातीचा चौकोनी सेल आणला. त्यात लिथियम असतं, आत एक चिमुकलं सर्किट असतं, आणि तो शेवटपर्यंत पूर्ण जोर देतो, मोबाइलच्या वायरीनेच चार्ज होतो. लावून पाहिला तर भुंगा खणखणीत, साध्या सेलपेक्षाही काकणभर वर. भाऊजी खूश. खिशात जास्तीचा सेल ठेवायचे तेही बंद झालं. लेकीने आणलेल्या सेलच्या जोडीला दुसरा बाळगायचा म्हणजे तिच्यावर विश्वास नाही असं झालं असतं.

बाई मागे बसल्या तो दिवस स्वच्छ उन्हाचा होता. त्या पर्स मांडीवर घेऊन मधोमध बसल्या, म्हणजे आरशात मला रस्त्याऐवजी बाईच दिसत होत्या. भाऊजी आदल्या दिवसापासून माझ्याकडून सगळं घोकून घेत होते, बोलून बोलून कांडी तापली होती. पण आवाज उत्तम. शाळेच्या फाटकातून निघालो, बाजाराच्या रस्त्याला लागलो, बाजूला ट्रक, मागे रिक्षा, आणि भाऊजींचं एकेक अक्षर गाडीभर ऐकू येत होतं. बाई काही बोलत नव्हत्या, पण मान हलत होती. मी आरशात पाहत होते ना.

पुढे मोठा गोल चौक. मी वेग कमी केला. भाऊजी म्हणाले, "आरसा बघा, मग खांद्यावरून..." आणि पुढचं आलंच नाही.

मी तिरकं पाहिलं. ओठ हलत होते. अंगठा बटणावर दाबलेला, नख पांढरं झालेलं. कांडी गप्प. साधा सेल संपत आला की दोन दिवस आधीपासून कुरकुरतो, आवाज बसतो, माणूस सावध होतो. या नव्याने कसलीच कुरकुर केली नव्हती. शेवटपर्यंत पूर्ण जोर दिला आणि मेला, छकुलीने सांगितलं होतं तसाच.

भाऊजींनी कांडी एकदा झटकली. मग सावकाश मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर. त्यांच्या पायाशी मास्तरांचा वेगळा ब्रेक असतो, त्याच्यावर पाय नुसता टेकवलेला होता, दाबला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. समोर रस्त्याकडे पाहत राहिले.

मी स्टिअरिंग घट्ट धरलं. पण चौक काही थांबत नाही. मी देवाचं नाव घेतलं, डोळे उघडे ठेवून, आणि राहिलेलं वाक्य मनात पुरं केलं, मग खांद्यावरून, मग वळा. वळले. एक बस जवळून गेली. बाहेर पडले. पुढे चढावरचा सिग्नल, तिथे हिरवा झाला आणि माझी गाडी फुर्र करून बंद पडली. मागून हॉर्नचा नुसता कल्ला. बाई पहिल्यांदा बोलल्या, मास्तर, सांगा की त्यांना काहीतरी. भाऊजी समोर पाहत होते. मी क्लच खाली केला, गिअर एक, पाय सावकाश. गाडी मागे सरकते की काय असं वाटलं, पण पुढेच गेली.

शाळेच्या आवारात गाडी लावली, जरा वाकडी लागली. बाई उतरून भाऊजींच्या बाजूला आल्या. चेहरा खुललेला.

"मास्तर, माझे वडील असते तर आज ओरडून गाडी डोक्यावर घेतली असती. तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. यांना चौकातून एकटं जाऊ दिलंत. हे मुद्दाम केलंत ना?"

नुसती मान हलवायची होती. मान हलवली असती तर गाडीतली जागा पक्की झाली असती, आणि मला विचारलं असतं तर मीही देवाची क्षमा मागून हो म्हटलं असतं बहुतेक. भाऊजींनी एक क्षण गाडीच्या टपावर हात फिरवला. मग कांडीचं झाकण उघडलं, सेल काढला, बाईंच्या तळहातावर ठेवला आणि नाही अशी मान हलवली.

बाईंना कळायला जरा वेळ लागला. कळलं तसा चेहरा उतरला. त्या ऑफिसात गेल्या, आम्ही मागोमाग. तिथे छताला एक गोल डबी असते, धूर झाला की वाजणारी. बाईंनी शिपायाला स्टुलावर चढवलं, डबीतला चौकोनी सेल काढायला लावला आणि भाऊजींसमोर धरला. म्हणाल्या, आधी हा घाला आणि बोला. आता आग लागली तर तुम्हीच ओरडा.

भाऊजींनी सेल घातला. "बाई, मला ओरडता येत नाही, म्हणून माझा पाय ब्रेकवर असतो, कायम. आज वहिनी चुकल्या असत्या तर गाडी थांबली असती. पण माझा आवाज मधेच बंद पडणं ही माझी चूक. पहिल्या दिवसाचा माणूस असता तर घाबरला असता. ते मी नाकारत नाही."

बाई पेपरवेट फिरवत बसल्या. मग त्यांनी ठरवलं ते असं. भाऊजी गाडीतच राहतील. कांडीत साधा सेल, खिशात एक, गाडीच्या कप्प्यात एक. पण त्यांच्याकडे येतील ते थोडंफार शिकलेले लोक, ज्यांना रहदारीत न्यायचं आहे असे. अगदी पहिल्या दिवसाचे शिकाऊ दुसऱ्या मास्तरांकडे. भाऊजी म्हणाले, पहिल्या दिवसाचे द्या हो, त्यांच्यातच मजा असते. बाई म्हणाल्या, ते नाही.

घरी छकुलीने सगळं ऐकलं आणि तिचं तोंड एवढंसं झालं. भाऊजी तिला म्हणाले, तुझ्या सेलने शेवटच्या क्षणापर्यंत काम केलं, माणसाने याहून काय करावं. पण तो आता माझ्या गळ्याशी नको. तो सेल तिने भावगीतं लावायच्या माझ्या जुन्या रेडिओत घातला, तर त्यात खरखर यायला लागली, आतल्या सर्किटमुळे म्हणे. शेवटी तिच्या ऑफिसातल्या कोणाच्या विजेवरच्या गिटारला तो मानवला, तिथे सुखात आहे. घरात आता तिने प्रत्येक वस्तूला विचारून घेतल्यासारखी व्यवस्था लावली आहे. ट्रिमर, विजेरी आणि देवघरातली माळ चार्ज होणाऱ्यांवर, वजनकाटा आणि बाबा साध्यांवर. ह्यांचं वजन परत आलं आहे, थोडं जास्तच.

मला लायसन्स मिळालं. परवा भाऊजींचा डबा घरी राहिला म्हणून मीच घरची गाडी घेऊन द्यायला गेले. ते आवाराच्या कुंपणाशी उभे होते, चहाचा कप कठड्यावर, कांडी खिशात. पलीकडच्या मोकळ्या जागेत दुसऱ्या मास्तरांचा अगदी पहिल्या दिवसाचा कोणी माणूस गाडी आचके देत पुढे नेत होता, बंद पाडत होता, परत सुरू करत होता. मास्तर खिडकीतून मोठमोठ्याने काहीतरी ओरडत होते. भाऊजींना मी आलेली कळली नाही. ते त्या गाडीकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. क्लच खाली. गिअर एक. पाय सावकाश.

गाडी बंद पडली की ते पहिल्यापासून सुरू करत होते.